उपनगरातील तार आणि तिचे मालक

मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई शहरापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजारांच्या घरात भरली. हंगेरी या राष्ट्राची त्या वर्षीची लोकसंख्या ९९ लाख होती, आणि न्यूझीलंडची तर आपल्या उपनगरांच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत व कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेली ही वस्ती एखाद्या लहान राष्ट्राच्या तोडीची आहे. तथापि लहान राष्ट्रांना जे प्रश्न पडतात, ते आपणांस पडत नाहीत. दोन वृत्तपत्रसमूह एका मालकाच्या हाती जाऊ लागले, की तेथे आयोग बसतो, न्यायालयात वाद होतो, अग्रलेख लिहिले जातात. आपल्याकडे घरात शिरणाऱ्या तारेचे मालक गेल्या तीस वर्षांत तीन-चार वेळा बदलले आणि रहिवाशांस त्याची वार्ता लागली, ती केवळ दरमहाच्या पावतीवरील नाव बदलल्यामुळे.

प्रश्न केवळ करमणुकीच्या दराचा असता, तर या जागी त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. चार रुपये अधिक किंवा चार रुपये उणे, याचा हिशेब प्रत्येक गृहिणी आमच्यापेक्षा चोख ठेवते. प्रश्न असा आहे की, ज्या तारेतून घरात चित्र येते ती तार, ज्या लहरींवर खिशातला टेलिफोन चालतो त्या लहरींचा परवाना, आणि त्या दोहोंमधून जे दाखविले व सांगितले जाते तो मजकूर, ही सर्व एकाच हाती असावीत काय? तो हात सज्जनाचा की दुर्जनाचा, हा मुद्दा येथे गौण आहे. सज्जनाच्या हाती एकवटलेली सत्ता त्याच्या वारसाकडे जाते, आणि वारस निवडण्याचा अधिकार ग्राहकास नसतो.

या तारेचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती भराभर उभ्या राहात होत्या. त्याच सुमारास एखाद्या इमारतीतला एखादा खटपट्या तरुण व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आणून गच्चीवरून पाचपंचवीस घरांत तार सोडू लागला. रात्री एक हिंदी चित्रपट, रविवारी दुपारी दुसरा. ते चित्रपट कोणाच्या परवानगीने दाखविले जातात, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाली. गच्चीवर तबकडी चढली. तार रस्ता ओलांडून, झाडांचा व दिव्यांच्या खांबांचा आधार घेत शेजारच्या सोसायटीत शिरली. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा झाला, आणि या नव्या व्यावसायिकास टपाल कचेरीत जाऊन आपली नोंद करणे भाग पडले. देशातील सर्वांत नव्या धंद्याची नोंदवही सर्वांत जुन्या खात्याच्या कपाटात ठेवली जावी, हेही आपल्या कारभारास साजेसेच झाले.

हा केबलवाला म्हणजे कोणी लोकशाहीचा पाईक होता, असे चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाही. त्याने आपली हद्द आखून घेतलेली असे, त्या हद्दीत दुसरा येत नसे, आणि आलाच तर रात्रीतून तारा कापल्या जात. घरे शंभर असली तरी वर कळवायची ती वीस-तीसच, हा धंद्याचा रिवाज होता. गणपतीत वर्गणी घेणारा आणि केबलची रक्कम वसूल करणारा पुष्कळदा एकच असे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हेही त्यामुळे ठरून गेलेले असे. मक्तेदारी तेव्हाही होतीच. फक्त ती गल्लीएवढी होती आणि मक्तेदाराचे घर सर्वांना ठाऊक होते. त्याच्या एका स्थानिक वाहिनीवर शाळेचे स्नेहसंमेलन दिसे, विसर्जनाची मिरवणूक दिसे, आणि पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर उद्या पाणी येणार नाही ही सूचनाही दिसे. तिला कोणी पत्रकारिता म्हणत नसे. परंतु पिंप आज भरून ठेवावयाचे की नाही, एवढे त्यातून कळत असे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून या गल्लीबोळांतील तारांवर मोठ्या कंपन्यांची छत्रे उभी राहू लागली. झी समूहाची सिटी केबल, हिंदुजांची इन केबलनेट, रहेजा समूहाची हॅथवे, ही नावे उपनगरवासीयांच्या परिचयाची आहेत. या कंपन्या उपग्रहावरून संदेश उतरवून घेत आणि घाऊक व्यापाऱ्याप्रमाणे तो गल्लीतल्या केबलवाल्यास पुरवीत. १ जानेवारी २००७ च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशाने दक्षिण मुंबईत 'कॅस' पद्धत आली. सशुल्क वाहिनीस कमाल पाच रुपये आणि विनामूल्य वाहिन्यांच्या संचास ७७ रुपये असा दर नियामकाने बांधून दिला. उपनगरे त्या कक्षेबाहेर राहिली. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मात्र सर्व मुंबईत जुने अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि घरोघर सेट टॉप बॉक्स बसला. घरांची खरी संख्या वर कळू लागली, सरकारचा बुडणारा कर काही प्रमाणात थांबला, चित्र स्वच्छ झाले. हे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच रात्री गल्लीतला केबलवाला मालकाचा मुनीम झाला. संदेशाची कळ कंपनीच्या संगणकात गेली. त्याच्याकडे उरली ती शिडी, पक्कड आणि पावतीपुस्तक.

मग १७ ऑक्टोबर २०१८ रोजी रिलायन्स समूहाने हॅथवेत ५१.३ टक्के व डेन नेटवर्क्समध्ये ६६ टक्के भाग घेण्याची घोषणा केली. किंमत अनुक्रमे २,९४० कोटी व २,२९० कोटी रुपये. केबलच्या धंद्यातील देशातल्या दोन मोठ्या कंपन्या एकाच आठवड्यात एका हाती जाण्याचे ठरले. या समूहाचा जिओ टेलिफोन तत्पूर्वी दोन वर्षे, ५ सप्टेंबर २०१६ पासून, बाजारात होता आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत त्याने सेवा जवळजवळ फुकट दिली होती. त्या स्पर्धेने ग्राहकाचे कल्याण झाले, हे कबूल करावयास हवे. ज्या कारकुनास दिवसाकाठी थोडेसे इंटरनेटही जपून वापरावे लागे, त्याची मुले गाडीत बसून चित्रपट पाहू लागली. परंतु स्पर्धा ही शर्यत असेल, तर ती संपल्यावर मैदानात किती उरतात हेही पाहावे लागते.

मुंबईपुरते बोलावयाचे, तर १९९५ मध्ये येथे मोबाइलचे दोन परवानाधारक होते, बीपीएल आणि मॅक्स टच. पुढे बीपीएलचे नाव लूप झाले. मुंबईवरच जगणारी ती कंपनी नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर बंद पडली. २०१७ ते २०१९ या काळात एअरसेल बुडाली, अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलचा पसारा आवरला, टाटांचा मोबाइल व्यवसाय व टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाले, व्होडाफोन आणि आयडिया एकमेकांत मिसळल्या. आता खासगी कंपन्या तीन, आणि सरकारी सेवा अशक्त. महानगर टेलिफोन निगमाच्या काळात आणि त्याच्याही पूर्वी टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीस सरकारी मक्तेदारीचे प्रेम वाटण्याचे काही कारण नाही. पण त्या मक्तेदारीविरुद्ध लोकसभेत निदान प्रश्न तरी विचारता येत असे.

येथवर तारेची व लहरींची कथा झाली. मजकुराची कथा तिला समांतर चालली होती. २०१४ मध्ये नेटवर्क१८ हा वृत्त व करमणूक समूह रिलायन्सच्या नियंत्रणाखाली आला. पूर्वीची ईटीव्ही मराठी, जी २०१५ पासून कलर्स मराठी या नावाने ओळखली जाते, ती याच छत्राखालची. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी या समूहाची वायकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. नव्या कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले गेले, आणि वाहिन्या शंभराहून अधिक. त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या सायंकाळी एकमेकींशी झुंजणाऱ्या दोन मराठी वाहिन्या एका घरात नांदावयास आल्या. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये या व्यवहारास मंजुरी देताना काही वाहिन्या सोडून देण्याची हमी कंपन्यांकडून घेतली. म्हणजे धोका आयोगासही दिसला होता. मात्र आयोगाचे माप जाहिरातीच्या बाजाराचे असते. मराठी मालिकेचा लेखक आता आपले कथानक किती दारांवर घेऊन जाऊ शकतो, हे मोजण्याचे माप त्याच्याजवळ नाही.

या एकवटण्याचा अर्थ काय, हे समजण्यास क्रिकेटचे उदाहरण पुरेसे आहे, आणि ते विद्यार्थ्यांनाही चटकन पटेल. जून २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क लिलावात काढले. देशातील दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींस घेतले, इंटरनेटवरील हक्क वायकॉम१८ ने २३,७५८ कोटींस. दोन प्रतिस्पर्धी, दोन पडदे. २०२३ च्या हंगामात वायकॉम१८ ने जिओसिनेमावर सामने फुकट दाखविले, कारण स्टारचा प्रेक्षक ओढावयाचा होता. विलीनीकरणानंतर दोन्ही हक्क एका तिजोरीत जमा झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार अवतरले, आणि त्या वर्षीच्या हंगामात थोडा वेळ फुकट दाखवून पुढे वर्गणी मागितली गेली. अथवा त्याच समूहाच्या टेलिफोनचे २९९ रुपयांचे वा अधिकचे रिचार्ज करावे, म्हणजे सामना त्याबरोबर मिळेल. येथे कोणताही नियम मोडलेला नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून इंटरनेटचा दर कमीअधिक करण्यास बंदी केली, तो नियम चांगलाच आहे आणि जगात त्याची वाखाणणीही झाली. पण दर समान ठेवून रिचार्जाच्या गाठोड्यात आपलाच सामना बांधून देण्यास तो आड येत नाही. टेलिफोन, पडदा व सामना तिघांचे असते, तर हे गाठोडे बांधण्यासाठी तिघांना एकमेकांशी घासाघीस करावी लागली असती. त्या घासाघिशीतच ग्राहकास थोडी जागा मिळत असते.

क्रिकेट न पाहिल्याने कोणाचे बिघडत नाही. बातमीचे मात्र तसे नाही. मराठी वृत्तवाहिन्यांची संख्या पाहिली तर ती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. आणखी एक, एनडीटीव्ही मराठी, २०२४ मध्ये त्यांत येऊन मिळाली. एनडीटीव्हीवर डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाचे नियंत्रण आले. हाच समूह ऑगस्ट २०१८ पासून वांद्रे ते दहिसर आणि पूर्वेकडे विक्रोळीपर्यंतच्या घरांना वीज पुरवितो, आणि अंधेरीकरांच्या डोक्यावरून ज्यांची घरघर जाते ती विमाने उतरतात तो विमानतळही २०२१ पासून त्याच्याच ताब्यात आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदीतील वीजबिलांवरून मुंबईभर सर्वच वीज कंपन्यांविरुद्ध ओरड झाली होती. तशी ओरड पुन्हा झाली, तर वीज विकणाऱ्याच्या मालकीच्या वाहिनीतील वार्ताहराने काय करावे? तो प्रामाणिकपणे बातमी देईलही. पण आपण ती दिली तर काय होईल, हा विचार त्याच्या मनात येऊन जाणार. आणि त्याने ती सौम्य केली, तर ते कोणाच्या सांगण्यावरून झाले, याचा पुरावा कधीच सापडणार नाही. म्हणूनच येथे आरोप करण्याचे कारण नाही आणि निश्चिंत राहण्याचेही नाही.

उपनगरास आपली बातमी वेगळी लागते, हे २६ जुलै २००५ या दिवसाने कायमचे शिकविले आहे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यास सुमारे ७४. फोर्टमधल्या कचेरीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास नेहमीचा पावसाळा दिसत होता आणि त्याच वेळी कुर्ल्यात, कलिन्यात, साकीनाक्यास माणसे गळ्याएवढ्या पाण्यात होती. टेलिफोन अडखळले, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. एकाच महानगरात वीस-पंचवीस किलोमीटरवर दोन वेगळे दिवस उगवले होते.

त्याहून अलीकडचे उदाहरण घाटकोपरचे. १३ मे २०२४ रोजी छेडानगर येथील पेट्रोलपंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळून १७ माणसे प्राणास मुकली. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची. हा फलक १२० बाय १२० चा. तो कोठे लपवून ठेवलेला नव्हता. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडकीतून तो दिसत असे, आणि त्याच्या आड येणारी झाडे मारली गेल्याच्या तक्रारीही आधी झालेल्या होत्या. परवानगी कोणी दिली, जागा कोणाची, भाडे किती, हे प्रश्न सर्व वाहिन्यांवर गाजले ते माणसे गेल्यानंतर. वाहिनीचे अर्थकारणच असे आहे की, राज्यभर पाहिली जाईल अशीच गोष्ट तिला परवडते. एका वॉर्डातील फलकाच्या कागदपत्रांमागे आठ दिवस वार्ताहर ठेवणे परवडत नाही. मालक चाराचे दोन झाले, की परवडण्याचे हे गणित अधिक कठोर होते, कारण दोन वार्ताहरांऐवजी एकाने भागते. आणि हे घडत होते ते कोणत्या काळात? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे मुंबईस नगरसेवकच नव्हते. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक प्रशासकाने मांडले व प्रशासकानेच मंजूर केले. सभागृह नाही आणि वॉर्डाची बातमीही नाही, अशा स्थितीत बोरिवलीच्या शिक्षकाने किंवा मुलुंडच्या कारकुनाने आपल्या करांचे काय होते, हे कोणास विचारावयाचे?

कायद्याने यावर काही केले नाही काय? प्रयत्न झाले, आणि त्यांतील पहिल्या प्रयत्नाची कथा मराठी वाचकांनी आठवणीत ठेवण्यासारखी आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये असे सुचविले की, वृत्तपत्राची किंमत व पाने यांचे प्रमाण बांधून द्यावे, म्हणजे धनिक पत्रे स्वस्तात जाड अंक विकून लहान पत्रांचा गळा घोटणार नाहीत. तसा कायदा १९५६ मध्ये झाला, १९६० मध्ये आदेश निघाला. आणि त्यास आव्हान देऊन तो रद्द करून घेतला तो कोणा कलकत्त्याच्या वा दिल्लीच्या कोट्यधीशाने नव्हे, तर पुण्याच्या 'सकाळ'ने. सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, खप हाही भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे आणि लहानांच्या भल्यासाठी एकाच्या प्रसारावर मर्यादा घालता येणार नाही. निकाल योग्यच होता, असे आमचे मत आहे. कोणी किती पाने छापावीत हे सरकार ठरवू लागले, की कोणी काय छापावे हे ठरविण्यास त्यास फार वेळ लागत नाही. आणीबाणीत ते आपण अनुभवले.

परंतु या निकालाच्या सावलीत आपण एक सोयीस्कर आळस जोपासला. मजकुरावर बंधन नको, म्हणून मालकीचा विचारही नको, असे आपण धरून चाललो. दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ मध्ये बहुमताने वृत्तपत्रे इतर उद्योगांपासून वेगळी करावीत, असे सुचविले. अहवाल कपाटात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्या पीठावर होते त्या पीठाने, ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारची असो वा खासगी व्यक्तीची असो, मक्तेदारी असू नये, असा स्वच्छ निर्वाळा दिला. २००१ मध्ये थेट घरी येणाऱ्या उपग्रहसेवेचे परवाने देताना एक अट घातली गेली: वाहिन्या किंवा केबल चालविणाऱ्या कंपन्यांनी या सेवेत २० टक्क्यांहून अधिक भांडवल धरू नये. झाले असे की, झीच्या वाहिन्या चालविणाऱ्या समूहाचीच डिश टीव्ही २००३ मध्ये सुरू झाली. कंपनी वेगळी, भागधारकांची नोंदवही वेगळी, प्रवर्तक तेच. नियम कंपनीस लागला, मालकास लागला नाही. प्राधिकरणाने १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्रसारमाध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी केल्या, तत्पूर्वी २०१३ मध्ये केबलमधील मक्तेदारीविषयीही केल्या होत्या. त्यांचा कायदा झालेला नाही.

यावर उपाय शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. उपनगरातील वीजबिल हाती घ्यावे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ ची. घराघरांत जाणारी तार तिची. टाटा पॉवरजवळ वीज होती, परवाना होता, पण उपनगरांतील बहुसंख्य घरांपर्यंत तार नव्हती. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांसही वीज विकता येईल, असे ठरविले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्ग काढला: तार जुन्या कंपनीचीच राहू द्यावी, वीज हवी त्याची घ्यावी, आणि तारेच्या मालकास वहन आकार म्हणून भाडे द्यावे. दुसरी तार घालण्यासाठी रस्ता खणावा लागला नाही. पुढे अधिभार आले, खटले झाले, स्वस्त-महागाची उलटापालट झाली. व्यवस्था आदर्श होती असे म्हणता येणार नाही, आणि महावितरणाच्या क्षेत्रातील भांडुप-मुलुंडकरांपर्यंत तर ती पोहोचलीही नाही. परंतु अंधेरी, बोरिवली व घाटकोपरच्या रहिवाशाने एक तत्त्व स्वतःच्या बिलावर छापलेले पाहिले की, वाहणारा एक आणि विकणारा दुसरा असू शकतो.

केबलच्या बिलावरही १ फेब्रुवारी २०१९ पासून अशी एक ओळ आली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपयांपर्यंत नेटवर्क शुल्क होते, त्यावर कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे दर निराळे. बिल वेगळे झाले. विकणारा वेगळा झाला नाही. त्याच तारेवरून दुसऱ्या कंपनीची सेवा मागण्याची सोय त्यात नाही. न्यूझीलंडने हे पाऊल पूर्वीच टाकले. तेथील टेलिकॉम कंपनीचे २०११ च्या अखेरीस दोन तुकडे करण्यात आले. तारा कोरस नावाच्या कंपनीकडे गेल्या. तिने घरगुती ग्राहकास काहीही विकावयाचे नाही, सर्व विक्रेत्यांना समान अटींवर तार भाड्याने द्यावयाची. त्याच देशात मे २०१७ मध्ये दोन मोठ्या वृत्तपत्रसमूहांचे विलीनीकरण वाणिज्य आयोगाने नाकारले. दैनिकांच्या खपापैकी जवळजवळ नऊ दशांश एका हाती जाईल आणि देशातील मतांची विविधता आटेल, हे कारण आयोगाने उघड सांगितले. वरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. हंगेरीत नेमके उलट झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून अधिक पत्रे, वाहिन्या व संकेतस्थळे एका प्रतिष्ठानास दान केली, आणि सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धाविषयक चौकशीतून मुक्त केला. दोन लहान राष्ट्रे, दोन मार्ग. आपण कोणत्या मार्गाने चाललो आहोत, याची आपल्याकडे चर्चादेखील नाही.

या विवेचनावर एक आक्षेप वजनदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जाहिरातीचा पैसा आज गूगल व मेटा या अमेरिकन कंपन्यांकडे वाहतो आहे. त्यांच्यापुढे उभे राहावयाचे तर भारतीय कंपन्यांनी मोठे झालेच पाहिजे, असे म्हटले जाते. शिवाय यूट्यूबवर कोणीही स्वतःची वाहिनी काढू शकतो, मग मक्तेदारी कसली? यातील पहिला भाग खरा आहे. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटींचा दंड केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपवरून मेटाला २१३ कोटींचा, यावरून त्या बाजूचे सामर्थ्य कळते. परंतु एका बलाढ्यापासून रक्षण व्हावे म्हणून दुसरा बलाढ्य पोसावा, हा न्याय संस्थानिकांच्या काळात शोभला असता. आणि यूट्यूबवरचा तो एकाकी वार्ताहर? घाटकोपरच्या किंवा दहिसरच्या अशा काही तरुणांचे काम आम्ही कौतुकाने पाहतो. पण त्याची मिळकत कोणत्या नियमाने वाढते वा घटते हे त्यास कोणी सांगत नाही, आणि त्याचे चित्र घरोघर पोहोचते ते अखेर त्याच तीन कंपन्यांच्या लहरींवरून किंवा त्याच तारेतून.

मागणी करावयाची तर ती मजकुरावर देखरेख ठेवण्याची मुळीच नसावी. तो मोह सरकारला आधीच पुरेसा आहे. तारेच्या मालकाने ती समान भाड्याने सर्वांस द्यावी. परवान्यातील मर्यादा कंपनीस नव्हे तर तिच्यामागील प्रवर्तकास लागू व्हावी. कोणत्या वाहिनीचा अंतिम मालक कोण व त्याचे इतर उद्योग कोणते, हे त्या वाहिनीने पडद्यावर ठरावीक वेळी सांगावे. आणि विलीनीकरण तपासताना स्पर्धा आयोगाने जाहिरातीच्या बाजाराबरोबर भाषेचा व वस्तीचाही विचार करावा. यांतील पहिली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे, तिसरीस एक अधिसूचना पुरेल.

आयपीएलच्या चालू हक्कांची मुदत २०२७ च्या हंगामाबरोबर संपते. २०२२ मध्ये दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांचे हक्क स्वतंत्र लिलावात निघाले, दोघांनी चुरशीने घेतले, आणि मंडळाच्या तिजोरीत ४८,३९० कोटी रुपये पडण्याचे ठरले. पुढच्या लिलावात बोली लावण्यास किती जण येतात, हे मंडळाच्या हिशेबनिसालाही कुतूहलाने पाहावे लागणार आहे.